बोललं तर संशय, गप्प बसलं तर मनाला टोचणी, मग प्रभूची प्रीती शेजारी न्यायची कशी?

सलाम ताई,

तुझा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी उठून परत वाचला. वयाने माझ्या लेकीएवढी वाटतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

बाकीच्यांसाठी तिचा प्रश्न थोडक्यात सांगते. बिल्डिंगमध्ये हिचं एकच ख्रिस्ती घर. खालच्या मजल्यावर मैत्रीण राहते, तिच्या आईचं डायलिसिस चालू आहे. ही चांगल्या मनाने भेटायला गेली, आईच्या उशाशी उभं राहून मोठ्याने प्रार्थना केली आणि निघताना धर्मप्रचाराची एक छापील पत्रिका आणि बायबलातला नवा करार टेबलावर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी मैत्रीण म्हणाली, "आईच्या आजारपणात तू आम्हाला बाटवायला बघतेस का गं?" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आणि इकडे रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब संदेशात सांगतात की साक्ष न देणारा, म्हणजे येशूबद्दल इतरांना न सांगणारा, ख्रिस्ती म्हणजे खारटपणा गेलेलं मीठ. मग आता बोलायचं की गप्प बसायचं, असा तिचा प्रश्न आहे.

मी पाळक नाही, देवज्ञानाचं शिक्षणही नाही. ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी मिशनच्या दवाखान्यात, आणि रिटायर झाल्यापासून मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) भेट-सेवेत आहे, म्हणजे आजारी माणसं, एकटी म्हातारी माणसं, नुकतंच कुणी गेलंय अशी घरं. त्यामुळे जे सांगते ते खाटेशेजारी उभं राहून कळलेलं आहे, तेवढंच समजून घे.

मला वाटतं बोलू की गप्प बसू हा खरा प्रश्नच नाहीये. तुझ्या मैत्रिणीला तू येशूचं नाव घेतल्याचं दुखलेलं नाही. तिला असं वाटलं की तू आईला बघायला आलीच नव्हतीस, तू दुसऱ्याच कामासाठी आली होतीस आणि आईचा आजार हे तुला निमित्त सापडलं. तू तशी नव्हतीस हे मला माहितीये, पण तिला तसं वाटलं, आणि तसं वाटायला जागा होती. हे तुला लागेल, पण मी हे अधिकाराने सांगू शकते कारण मी हेच, याहून वाईट केलेलं आहे.

चोविसेक वर्षांची असेन. पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी. एक शेतकरी माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं ऑपरेशन. मला त्याच्याबद्दल फार कळवळा आला, खरंच आला, आणि मी तो झोपलेला असताना त्याच्या उशीखाली एक पत्रिका सरकवली आणि खाटेशेजारी डोळे मिटून प्रार्थना करत उभी राहिले. पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, मरणानंतर तुम्ही कुठे जाणार? पहाटे त्याच्या बायकोला ती सापडली. तिला वाचता येत नव्हतं, तिने शेजारच्या खाटेवरच्या पोराकडून वाचून घेतली. आणि शेजारच्यांनी तिला हेही सांगितलं की रात्री नर्सबाई डोळे मिटून उभी होती. झालं! तिची खात्री पटली की डॉक्टरांनी नवऱ्याची आशा सोडलीय, नर्सला माहितीये आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये. ती जमिनीवर बसून जी रडायला लागली, सगळा वॉर्ड जागा झाला. ऑपरेशन नको, घरी न्यायचं, जीप बोलवा. आमच्या सीनियर सिस्टर तिच्याशेजारी फरशीवर बसून दोन तास तिची समजूत घालत होत्या तेव्हा कुठे ती तयार झाली. ऑपरेशन झालं, माणूस बरा होऊन घरी गेला.

सिस्टर मला ओरडल्या नाहीत. त्या स्वतः रोज पहाटे गुडघ्यावर असायच्या. ड्यूटी संपल्यावर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तो माणूस उठून जाऊ शकत होता का?"

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे आपण होऊन उपदेश करायचा नाही. खाटेवरचा पेशंट उठून जाऊ शकत नाही. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला तुझ्याकडून पगार हवाय, ती "हो ताई, खरंय ताई" म्हणेल, तिच्या त्या होकारात काही अर्थ नाही. ऑफिसात तुझ्या हाताखालची मुलगी, ट्यूशनला येणारी लेकरं, उसने पैसे घेऊन गेलेला माणूस, सगळ्यांचं तेच. त्यांच्यापैकी कुणी स्वतःहून विचारलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा मोकळेपणाने बोलावं. आपल्या संविधानाच्या कलम २५ ने श्रद्धा पाळायचा आणि तिचा प्रसार करायचाही हक्क दिलाय, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टाने हेही म्हटलंय की प्रसार म्हणजे आपली श्रद्धा समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क त्यात येत नाही. पण मी हे कायद्याला घाबरून सांगत नाहीये. प्रभूने श्रीमंत तरुणाला बोलावलं आणि तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला जाऊ दिलं, मागे धावला नाही. आणि मार्क लिहितो की त्याच्याकडे पाहून येशूने त्याच्यावर प्रीती केली. ज्याच्यावर प्रीती केली त्यालाही जाण्याची वाट मोकळी ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

मैत्रिणीने वापरलेला 'बाटवणं' हा शब्द तुझ्यापासून सुरू झालेला नाही, तेव्हा तो सगळा अंगावर घेऊ नकोस. आपल्या महाराष्ट्रात हा संशय फार जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं, आणि १८९३ च्या सुमाराला तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून असा वाद उठला की रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्तीही मला समजते, कुणाच्याही पोरीबद्दल घरच्यांना धास्ती वाटणारच. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि बायका घेऊन आल्या, त्यांना केडगावला ठेवलं, विणकाम शिकवलं, छापखान्यात कामाला लावलं, अंधांना वाचायला शिकवलं. संशय घेणारे घेतच राहिले, पण पोरी जगल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात उभं आहे, कधी गेलीस तर बघून ये.

आता तुझ्या डोक्यात येईल की मग कवी ना. वा. टिळकांचं काय, त्यांना तर आगगाडीतच नवा करार मिळाला होता ना! आपल्याकडे पत्रिका वाटायच्या असल्या की हीच गोष्ट सांगतात, पण अर्धी सांगतात. १८९३ साली राजनांदगावला जाताना डब्यात भेटलेल्या त्या युरोपियन माणसाने आधी टिळकांना बसायला जागा करून दिली, मग त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, म्हणजे ज्याच्यात त्या कवीचा जीव होता त्यावर. नवा करार त्याच्यानंतर निघाला. आणि टिळकांनी तो घेऊन दोन वर्षं स्वतःच्या डोक्याने वाचला, भांडले त्याच्याशी, मग १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. पुढचा भाग तर कुणी सांगतच नाही. बाप्तिस्म्यानंतर दुरावलेल्या त्यांच्या बायको लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परत आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच आल्या, आणि एवढा मोठा प्रवचनकार नवरा, त्याने त्यात आडकाठी केली नाही. बाईंचं त्यांचं त्यांना उमगेपर्यंत थांबले. मला गाडीतल्या गोष्टीपेक्षा हे जास्त शिकवून जातं.

बरं, मग करायचं काय. पहिली गोष्ट, विचारायचं. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी प्रभूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आपण विचारत नाही. आपल्याला जे द्यायला आवडतं ते आपण देतो.

डायलिसिसच्या पेशंटचंच बघ. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे हातात शहाळं हवं, नाहीतर केळी, मोसंबी. आणि नेमकं तेच या लोकांना सहसा मना असतं, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मी वॉर्डात कितीदा बघितलंय, प्रेमाने आणलेली शहाळी खाटेखाली ओळीने पडलेली आणि पेशंट त्यांच्याकडे बघतोय, कारण पाणीसुद्धा त्याला मोजून मिळतं. देणाऱ्याचं प्रेम खरंच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मते तुझी ती प्रार्थना आणि नवा करार त्या दिवशी त्या घरात शहाळ्यासारखे गेले. वस्तू चांगली, पण त्या घरी त्या दिवशी चालेल का हे विचारलं नाहीस.

प्रार्थनेबद्दल मी असं करते. ओळख नसेल तर मोठ्याने करतच नाही, जिन्यात करते. ओळख असेल तर विचारते, "मी घरी तुमच्यासाठी प्रार्थना करते रोज, इथे केली तर चालेल का?" आणि "नको" आलं तर "बरं" म्हणून मेथी निवडायला घेते. बहुतेकजण "करा की" म्हणतात. जो नको म्हणतो त्याच्यासाठी देवाचे कान काही बंद होत नाहीत.

दुसरी गोष्ट मला एका शेजारणीने शिकवली, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. आमच्या मजल्यावरच्या काकू, नवरा हार्ट अटॅकने गेला, मुलगा बेंगळुरूला. पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं, डबे येतायत, कुणी ना कुणी बसलेलंच. चौदाव्या दिवशी घर रिकामं. मी तेव्हा काय केलं तर मृत्यूचा दाखला, बँकेतलं नॉमिनीचं, फॅमिली पेन्शनचे फॉर्म, यासाठी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहिले, कारण त्यांनी आयुष्यात बँकेचं तोंड बघितलं नव्हतं. एक दिवस रिक्षातून परत येताना त्या म्हणाल्या, "बाकी दिवस निघतो हो, साडेसहा वाजले की जमत नाही. यांच्या स्कूटरचा आवाज यायचा त्या वेळेला मी चहाचं आधण ठेवायचे. अजून ठेवते. दोन कपांचंच पडतं हातून."

तर मी साडेसहाला जायला लागले, दुसरा कप प्यायला. रोज नाही, पण आठवड्यातून चारेक वेळा. विशेष काही बोलायचो नाही. त्या सिरियल लावायच्या, मी मटार सोलायचे, पाऊण तासाने घरी. असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. मंडळीतल्या एक-दोघींनी मला ऐकवलंही की एवढं जातेस, एकदा तरी सुवार्ता सांगितलीस का? माझंही मन खायचं कधीकधी, तुझ्यासारखंच.

मग एका संध्याकाळी काकूच म्हणाल्या, "तुम्ही बेल वाजवायच्या आधी दारात थांबता, मी आतून बघते भोकातून. काय करता तिथे?" मी म्हटलं, प्रार्थना करते, की माझ्या तोंडून काही वेडंवाकडं जाऊ नये आणि तुम्हाला आजची संध्याकाळ सोपी जावी. त्या म्हणाल्या, ऐकतो का तुमचा देव? आता इथे मला वचनं पाठ होती, चांगली दहा मिनिटं बोलता आलं असतं. मी एवढंच सांगितलं की माझं दुसरं बाळ गेलं तेव्हा मी कित्येक महिने प्रभूशी बोलले नव्हते, रागाने, आणि तरी तो मला सोडून गेला नाही. तेवढं मला नक्की माहितीये, बाकीचं समजावून सांगता येत नाही मला. काकू काही बोलल्या नाहीत. माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

मंडळीत विचारतात, त्या काकू ख्रिस्ती झाल्या का? नाही झाल्या. त्यांच्या देव्हाऱ्यात रोज दिवा लागतो. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी स्वतःहून माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुमचं ते जिन्यातलं आज इथेच म्हणा. माणसाचं मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम आहे असं आपणच म्हणतो ना, मग त्याची वही आपण कशाला ठेवायची.

त्या दुसऱ्या कपावरून आणखी एक सांगायचंय. आपल्याला द्यायची इतकी सवय लागलीय की घ्यायचं आपण विसरतो. नाताळला करंज्या-चकल्यांची ताटं वाटतो, आजारपणात डबे नेतो, आणि आपल्याला ताप आला की दार लावून बसतो, कुणाला त्रास नको म्हणून. जो नुसता देतच राहतो त्याच्यापुढे समोरच्याला कायम कर्जात असल्यासारखं वाटतं. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू दमून विहिरीवर बसलाय आणि शोमरोनी बाईशी, ज्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत त्यांच्यातल्या बाईशी, पहिलं वाक्य काय बोलतो, तर मला प्यायला पाणी दे. देणारा तो, आणि सुरुवात मागण्याने. माझ्या आजीच्या लहानपणी नगर जिल्ह्यातल्या तिच्या गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावायची सोय नव्हती, कुणी येऊन वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा प्यायचं. आजीला हा अध्याय वाचून दाखवला की ती दर वेळेला त्या एका वाक्यापाशी थांबवायची. "तिच्या भांड्यातलं मागितलं बघ त्याने," म्हणायची. बाकीचा अध्याय ऐकायची तिला घाई नसायची.

म्हणून शेजारणीकडे कढीपत्ता मागावा, पोराला तासभर तिच्याकडे सोडावं, आपलं दुखणं तिला सांगावं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. हळदीकुंकवाला जायचं का, गणपतीत प्रसाद घ्यायचा का, यात मंडळ्या-मंडळ्यांत मतं वेगळी आहेत आणि पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात एकमेकांना यावरून दोष लावू नका म्हटलंय. मी जाते, बसते, आरतीला शांत उभी राहते, आणि प्रसादाबद्दल पहिल्याच वर्षी प्रेमाने सांगून टाकलं होतं, त्यामुळे मला लाडू वेगळा काढून ठेवतात. तुझ्या मनाला जे पटेल ते कर, फक्त दर वर्षी नवीन सबब सांगू नकोस, माणसांना सबब लगेच कळते. गावात आणि शहरात फरक पडतो, ऑफिसात वेगळं असतं, स्वभावाचाही भाग असतो. आमच्या भेट-सेवेतले एक काका ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला येशूचं नाव घेतात आणि कुणाला खटकत नाही, कारण त्यांच्यात कपट नाही. मला ते जमत नाही.

आणि याचा अर्थ ओळख लपवायची असाही नाही. दीड वर्ष मी काकूंकडे जात होते तेव्हा मी कोण आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, गळ्यात क्रूस होता, रविवारी साडेआठला मी उपासनेला जाते हेही माहीत होतं. विचारलं की उत्तर द्यायचं, सौम्यतेने द्यायचं, पेत्राने हेच लिहून ठेवलंय. टाळाटाळ केली तर तोही एक प्रकारचा खोटेपणाच.

पाळकसाहेबांच्या मिठाबद्दल त्यांचा मान ठेवून एकच सांगते. तो मत्तयाचा पाचवा अध्याय आहे, १३ वं वचन. तसंच पुढे १६ व्यापर्यंत वाच. लोकांनी तुमची सत्कर्मं बघावी आणि स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, असं आहे तिथे.

आता तुझ्या मैत्रिणीचं. उद्या-परवा जा, आईला भेटायला नको, तिलाच भेट. "मी तुला न विचारता तसं केलं, चुकलं माझं" एवढंच म्हण. "पण माझा हेतू चांगला होता" हे जोडू नकोस, ते जोडलं की माफी राहत नाही. नवा करार परत दिला तर वाईट वाटून न घेता घे.

आणि मग विचार की आईचं डायलिसिस कुठल्या वारी असतं. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा असेल, चार-चार तासांचं, जाणं-येणं धरून अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस दर वेळेला तुझ्या मैत्रिणीचा जातोय, किती महिने झाले कुणास ठाऊक. तिला म्हण, एक वार मला दे, मी बसते, तू घरी झोप. ती हो म्हणाली तर मोबाइलचा चार्जर आणि आईंसाठी एक शाल घेऊन जा, त्या हॉलमध्ये एसीचा गारठा असतो. ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) आहे तो हात धरू नकोस, त्यावर बीपीही मोजत नाहीत. त्यांच्यासमोर घटाघटा पाणी पिऊ नकोस. खाऊ न्यायचा तर आधी मैत्रिणीला विचारून. संपल्यावर बीपी उतरतं, माणूस गळून जातं, तेव्हा पाच-दहा मिनिटं बसू दे, मग हळू उठव आणि रिक्षा अगदी दारापर्यंत आणायला सांग.

ती नाही म्हणाली तर महिन्याभराने परत विचार. आणि जिन्यात थांबायला विसरू नकोस.

घरी सोडलंस की मैत्रीण बहुतेक म्हणेल, बस, चहा टाकते. नाही म्हणू नकोस.